ऑफिसातल्या टेबल-खुर्ची-कॉम्प्युटरची तपासणी कुठून सुरू करू? सल्ला हवाय

नाशिकची_अ‍ॅडमिन
नमस्कार मंडळी, नाशिकला एका अकाउंटिंगच्या ऑफिसात अ‍ॅडमिन बघते. ३८ जण आहेत, सगळे दिवसभर स्क्रीनसमोर, बहुतेकांचं बिलं बघून एन्ट्री करायचं काम. दोन महिन्यांत तिघींनी मान-खांदा धरला म्हणून रजा टाकली, एकीला डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिलाय. साहेबांनी बोलावून सांगितलं, सगळ्या टेबलांचं ते अर्गोनॉमिक्स का काय ते (म्हणजे बसायची मांडणी अंगाला सोयीची आहे का) तपास आणि रिपोर्ट दे, की झालं त्यांचं काम. एका खुर्चीवाल्याला बोलावलं तर पठ्ठ्याने टेप खिशातून बाहेर पण काढला नाही, सरळ म्हणाला मॅडम सगळ्या बदलून टाका, साडेतेरा हजाराला एक. तर बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागतो की आपलं आपल्याला जमतं? कुठली चेकलिस्ट बरी? बजेट फार नाहीये हे सांगायला नकोच.

चाकणचा_सेफ्टीवाला
ताई, खुर्चीवाल्याला आधी चहा पाजून वाटेला लावा. मी एकवीस वर्षं कारखान्यात सेफ्टी बघितली, शेवटची सहा ऑफिस ब्लॉक पण माझ्याकडे होता, त्यावरून सांगतो. तपासणी सकाळी दहाला करू नका, तेव्हा सगळे शाळेतल्यासारखे ताठ बसलेले असतात. दुपारी चारला जा, आणि आधी सांगून जाऊ नका. एकेकाच्या बाजूला स्टूल टाकून दहा मिनिटं नुसतं बघा, काही बोलू नका. मग विचारा, संध्याकाळी घरी गेल्यावर काय दुखतं.

त्यानंतर टेप. टेबल मोजून उपयोग नाही, माणूस मोजा. आपल्याकडची बहुतेक तयार टेबलं अडीच फुटांची म्हणजे ३० इंची. आता पाच फूट उंचीची बाई पाय जमिनीवर टेकवून बसली की तिचं कोपर जमिनीपासून साधारण २४-२५ इंचावर येतं. कीबोर्ड मात्र टेबलावर ३० च्या वर. म्हणजे दिवसभर खांदे उचलून टायपिंग, मग खांदा दुखणार नाही तर काय होणार? खुर्ची वर घेतली तर कोपर बरोबर बसतं पण पाय लोंबकळतात, मांडीखाली सीटची कड रुतते, आणि तासाभरात ती परत खाली घेते. बायका खुर्ची खाली का घेतात हे कोणी विचारत नाही, "नीट बसता येत नाही यांना" म्हणून मोकळे होतात. इलाज साधा आहे, खुर्ची वर आणि पायाखाली चार-पाच इंचाचं काहीतरी.

फिजिओ_कोथरूड
वरच्या काकांशी शंभर टक्के सहमत, फक्त एक भर. तुम्ही बिलं बघून एन्ट्री लिहिलंय, तर ती बिलं कुठे असतात ते बघा. टेबलावर डावीकडे आडवी पडलेली असतील तर मान खाली-डावीकडे, वर स्क्रीनकडे, परत खाली, असं दिवसातून हजारदा. माझ्याकडे अशा पेशंट येतात त्यांची एकाच बाजूची मान धरलेली असते. कागद उभा धरणारा स्टँड मॉनिटरला चिकटून, त्याच उंचीवर ठेवा. रेसिपीचं पुस्तक उभं करायला मिळतो तो स्टँडही चालतो.

दुसरं म्हणजे मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. पण ज्यांना बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे त्यांचा मॉनिटर अजून खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करून बसतात. पन्नाशीतले लोक असतील तर हे हमखास सापडतं.

आणि पट्टावाल्या मॅडमना विचारा, रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होऊन जाग येते का? हो म्हणाल्या तर व्हिडिओ बघून व्यायाम करू देऊ नका, डॉक्टरांना परत दाखवा.

लॅपटॉपचा_हमाल
सगळं ठीक पण खुर्चीला एवढं हलक्यात घेऊ नका हो. आमच्या ऑफिसात निम्म्या खुर्च्यांचा गॅस गेलेला, सकाळी वर घेतली की जेवणापर्यंत आपोआप खाली. प्रत्येक खुर्चीवर बसून दोन मिनिटं थांबून बघा. फक्त सिलिंडर बदलून मिळतो, अख्खी खुर्ची नको. हातांचे दांडे टेबलाला अडकत असतील तर ते काढूनच टाका, त्यांच्यामुळे माणूस वीतभर लांब बसतो आणि पुढे वाकतो.

लॅपटॉपवाले असतील तर बाकी कितीही मोजा, वेगळा कीबोर्ड-माउस दिल्याशिवाय काही जमणार नाही. स्क्रीन वर घेतली की हात वर, हात खाली घेतले की मान खाली.

वायरमन_दादा
मंडळी पाठीचं बोलताय, टेबलाखालचं कोण बघणार? ताई, एक टेबल भिंतीपासून ओढून मागे टॉर्च मारा. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला पाणी तापवायची किटली, हे मी दर ऑफिसात बघतो. किटली भिंतीच्या १६ अँपच्या पॉइंटवरच. पिनेपाशी प्लास्टिक पिवळं-काळं झालं असेल तर तो बोर्ड तेव्हाच कचऱ्यात, टेप गुंडाळून परत लावायचा नाही. कोणी म्हणालं की लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात, तर हसण्यावारी नेऊ नका, अर्थिंग तपासून घ्या. डीबीमधल्या (मेन स्विचांची पेटी) आरसीसीबीचं (शॉक बसताना वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून बघा, पण आधी सगळ्यांना फाइल सेव्ह करायला सांगा, एकदा आमच्या पोराने न सांगता दाबलं आणि महिनाअखेरीचा दिवस होता...

आगीचा सिलिंडर पण बघा. एबीसी पावडरवाल्याला दाब दाखवणारा काटा असतो, हिरव्यात पाहिजे. सीओटूवाल्याला (कार्बन डायऑक्साइड) काटा नसतोच, तो वजन करून कळतो, त्यामुळे "काटा दिसला नाही" असं रिपोर्टात लिहू नका, हसतील. फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दर जानेवारी-जुलैला भरला जातो का ते सोसायटीच्या ऑफिसात विचारा.

चाकणचा_सेफ्टीवाला
चेकलिस्टचं राहिलं. ब्रिटनमध्ये १९९२ पासून स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी वेगळे नियमच आहेत, त्यांच्या एचएसईची (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारं सरकारी खातं) चेकलिस्ट फुकट उतरवून घेता येते, तीच मराठीत करून वापरा. आकडे हवे असतील तर रोसा म्हणून पद्धत आहे, २०१२ ची. खुर्ची, मॉनिटर-फोन, कीबोर्ड-माउस यांना गुण देऊन दहापैकी स्कोअर निघतो, पाच किंवा वर आला की ते टेबल आधी हातात घ्यायचं. साहेब लोकांना आकडा दिसला की सही पटकन होते, हा आपला अनुभव. ऑफिसला कारखान्यांचा कायदा नाही, २०१७ चा दुकाने-आस्थापनांचा लागतो. त्यात उजेड, हवा, आगीपासून बचाव आहे, पण टेबल किती इंच हवं असलं काही शोधू नका. बाहेरचा माणूस लागलाच तर मुंबईत शीवला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, पण ३८ टेबलांना तुम्ही एकट्या पुरेशा आहात.

नाशिकची_अ‍ॅडमिन
सगळ्यांचे मनापासून आभार, काल-परवा मिळून अकरा टेबलं झाली. चारला गेले तेव्हा खरंच चित्र वेगळं होतं! ज्यांचा खांदा धरलाय त्या ताई चार फूट अकरा इंच, त्यांनी सीपीयू आडवा पाडून त्यावर पाय ठेवलेले, वर घरून आणलेलं पायपुसणं, आणि पायपुसण्याने पंख्याची जाळी अर्धी झाकलेली. मी ओरडणार होते पण म्हटलं ही बाई आमच्या आधी उपाय शोधून बसलीये. दुसऱ्या टेबलापाशी बिलांचा गठ्ठा चक्क मांडीवर. किटली सापडली (वायरमन दादा, दोन बोर्ड सोडून तिसऱ्यावर होती). डोळ्यांना आराम म्हणून वीस मिनिटांनी वीस फुटांवर बघा असं मी पण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं, पण आमच्याकडे भिंतच बारा फुटांवर आहे, त्यामुळे आता खिडकीपर्यंत उठून जायला सांगितलंय, त्या निमित्ताने पाय तरी मोकळे होतात.

आता विचारायचं एवढंच की सुतार उद्या येतोय, पायाखालचे पाट करायला. किती इंची सांगू? सगळे पाचचेच करू का?

चाकणचा_सेफ्टीवाला
सगळे सारखे नको. तीन इंची आणि पाच इंची निम्मे-निम्मे करा, ज्याला जो बसेल तो. बसणाऱ्याकडची कड थोडी खाली, उतार असू द्या, आणि रुंदी दीड फूट तरी, पाय हलवायला जागा पाहिजे. खालून रबर लावायला सांगा, फरशीवर सरकतात. आणि पहिला पाट त्या सीपीयूवाल्या ताईंना.