गणपतीतलं शि. द. फडणीस प्रदर्शन आणि व्याख्यान

प्रेषक: कार्यवाह
नमस्कार मंडळी,
यंदा गणपतीत हॉलच्या मागच्या भिंतीवर शि. द. फडणीसांची हास्यचित्रं लावायचं ठरतंय. चित्रांत शब्दच नसतात, त्यामुळे मराठी न वाचणारी आपली पोरंही हसतील. नेटवरून वीसेक चित्रं उतरवली आहेत, शनिवारी मोठ्या आकारात छापून घेतो. अर्धा तास कोणी बोलेल का?

प्रेषक: निपाणीवाला
कल्पना झकास! बोलायला मी तयार आहे, आमच्या भागातला माणूस आहे म्हणून तर जास्तच. पुणेकर त्यांना आपला म्हणतात, म्हणोत बापडे. जन्म मात्र २९ जुलै १९२५चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचा. वेदगंगा-दूधगंगेच्या संगमावरचं गाव. पुढं शिक्षण कोल्हापूरला, मग मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात. चित्रकार नि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरात वाढलेल्या पोराला चित्रकला हे रिकामटेकडं काम वाटायचं कारणच नव्हतं.

पण ती छपाई आधी थांबवा. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. आणि फडणीस तर या बाबतीत पक्के काटेकोर! त्यांचंच कौतुक करायला त्यांचीच चित्रं न विचारता छापायची? शिवाय नेटवरची निम्मी चित्रं कडेनं कापलेली असतात, सही गायब. त्यांच्या चित्रात रिकामी जागासुद्धा मोजून ठेवलेली असते हो. कडा कापली की विनोदच लंगडा होतो.

प्रकाशकामार्फत लेखी परवानगी मागू. तोवर ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांनी ती आणावीत, टेबलावर मांडू. ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन आणि ‘चित्रहास’ हा चित्रं दाखवत बोलायचा कार्यक्रम, दोन्ही ते स्वतः करत. आपण निदान क्रम त्यांचा ठेवू : आधी चित्र, मग बोलणं. विनोद समजावून सांगणारा वक्ता मला व्हायचं नाही.

प्रेषक: दिवाळी अंकवाली
परवानगीचं पटलं. ‘शब्द नाहीत म्हणून पोरांना कळेल’ हे मात्र पूर्ण पटत नाही. ‘मोहिनी’ मासिकाचं ते मुखपृष्ठ आठवा, तरुणाच्या शर्टावर मांजरं, शेजारी तरुणीच्या साडीवर उंदीर. हे कुणालाही कळेल. पण दिवाळी अंकांतले चाळीतले, लग्नघरातले, सरकारी कचेरीतले विनोद? माझी लेक विचारेल, एवढी माणसं एका खोलीत का राहतात? विचारू दे की. आजी-आजोबांना पोरांशेजारी बसवा, व्याख्यान दहा मिनिटांत उरका. (काका, रागावू नका.)

आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं विसरू नका. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी फडणीस हे नाव ऐकण्याआधी त्यांच्या चित्रांवर बेरजा केल्यात. कुणाकडे जुनी प्रत आहे का?

प्रेषक: कार्यवाह
छपाई रद्द. प्रकाशकाला पत्राचा मसुदा आज रात्री पाठवतो, काकांनी नजर टाकावी. परवानगी वेळेत आली तर भिंत, नाहीतर टेबल. पुस्तकांवर नाव घालून आणा, गेल्या वर्षीचे दोन दिवाळी अंक अजून मालकाची वाट बघतायत. व्याख्यान पंधरा मिनिटं. काका, घड्याळ माझ्याकडे राहील.

प्रेषक: निपाणीवाला
वीस करा. भोजलाच पाच लागतील.