जुना ऑसिलोस्कोप घ्यायचाय, बजेट कमी आहे, काय बघून घेऊ?

तरंगवेडा
मंडळी नमस्कार, छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करतो, आतापर्यंत मल्टीमीटरवर भागत होतं पण आता घोडं अडलंय. अर्डुइनो बोर्डला आयटूसीवर (दोन तारांवरून चिप्स एकमेकांशी बोलतात ती पद्धत) एक सेन्सर लावलाय तो चालता चालता मधेच गप्प होतो, मीटरवर व्होल्टेज बरोबर दिसतं आणि लाईनवर नेमकं काय होतंय ते कळायला मार्गच नाही. शिवाय ऑडिओ अँप बनवतो, पुढे बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट) करून बघायचेत. नवीन स्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, सध्या परवडणार नाही. जुन्यात दोन समोर आलेत, टेक्ट्रॉनिक्स 465 म्हणजे अॅनालॉग, 100 मेगाहर्ट्झ, आणि रिगोल डीएस1052ई, डिजिटल, 50 मेगाहर्ट्झ. किंमत जवळपास सारखीच सांगतायत. आकड्यात टेक दुप्पट आहे म्हणून तोच घ्यावा का? आणि बघायला गेल्यावर काय काय तपासू?

नऊबिट
तुमचं काम वाचून मी तरी डोळे झाकून रिगोल म्हणेन. सेन्सर कधीतरी एकदाच अडकतो ना, ती घटना एकदाच घडून जाते आणि साध्या अॅनालॉग स्कोपला काही साठवता येत नाही, पडद्यावर रेघ चमकली की संपलं. डिजिटलला सिंगल मोडवर (एकदाच पकडून थांबायची सेटिंग) लावून ठेवा, झालं की पकडून बसतो, मग निवांत बघा.

मेगाहर्ट्झचं म्हणाल तर 50 म्हणजे 50 मेगाहर्ट्झची साईन वेव्ह तिथे साधारण 70 टक्केच उंचीची दिसते एवढाच त्याचा अर्थ. चौकोनी वेव्ह नीट दिसायला बँडविड्थ, म्हणजे हाच मेगाहर्ट्झचा आकडा, तिच्या फ्रिक्वेन्सीच्या पाचपट तरी हवी, म्हणजे 10 मेगाहर्ट्झपर्यंत तुम्ही आरामात आहात. आयटूसी 100 किंवा 400 किलोहर्ट्झवर चालतो, ऑडिओ तर 20 किलोहर्ट्झला संपला. बकच्या स्विचिंग नोडवरचं रिंगिंग (व्होल्टेज झटकन बदलल्यावरची थरथर) मात्र 50 मध्ये थोडं बोथट दिसेल, 0.35 भागिले बँडविड्थ केलं की स्कोपचा स्वतःचा राईज टाईम (कड वर चढायला लागणारा वेळ) येतो, तो 50 ला 7 नॅनोसेकंद आहे.

मला विचाराल तर जुन्या डिजिटलमध्ये बँडविड्थच्या आधी मेमरी, म्हणजे एका वेळी किती पॉइंट साठवतो ते, बघावी. टेक्ट्रॉनिक्स टीडीएस210 पण बजेटवाल्यांना बरेचदा सुचवतात, मशीन मजबूत आहे पण मेमरी फक्त 2500 पॉइंट. पडद्यावर 10 मिलिसेकंद घेतले तर दर 4 मायक्रोसेकंदाला एक पॉइंट पडतो आणि 400 किलोहर्ट्झवर तुमचा एक बिटच अडीच मायक्रोसेकंदाचा आहे, म्हणजे बिट चक्क गायब. 1052ई ला लाँग मेमरी चालू केली की दोन चॅनलवर 5 लाखाच्या वर पॉइंट मिळतात. अजून जुन्या डिजिटलमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला किती पॉइंट घेतो) पण बघा, एचपी 54600ए वर 100 मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं पण सॅम्पल रेट 20 मेगासॅम्पल, तो 100 फक्त पुन्हा पुन्हा येणाऱ्या सिग्नललाच खरा.

फॉस्फरप्रेमी
वरच्यांशी सहमत, पण 465 ला कमी लेखू नका. पूर्ण सर्किटसकट सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, हाताने दुरुस्त होतो आणि ऑडिओ अँपमधलं बारीक ऑसिलेशन त्याच्या ट्रेसवर (पडद्यावरच्या रेघेवर) जसं धुक्यासारखं उमटतं ते जुन्या स्वस्त डिजिटलवर पटकन कळत नाही. फक्त तो दुरुस्तीची आवड असलेल्याने घ्यावा. पन्नाशीचं मशीन आहे, आतले टँटॅलम कपॅसिटर शॉर्ट होऊन सप्लायच बसतो, हा त्याचा नेहमीचा आजार. आणि आत ट्यूबला हजारो व्होल्ट असतात, बंद केल्यावर पण काही वेळ राहतात, त्यामुळे अनुभव नसेल तर झाकण उघडूच नका.

तपासायचं म्हणजे नुसता फोटो बघून किंवा "चालू होतो" एवढ्यावर घेऊ नका, अॅनालॉग असो की डिजिटल. आधी अर्धा तास चालू ठेवायला सांगा, थंड असताना ठीक आणि गरम झाला की ट्रेस सरकायला लागला असे खूप असतात. पुढे कॅलिब्रेशनची एक पट्टी असते, तिथे साधारण 1 किलोहर्ट्झची चौकोनी वेव्ह मिळते, प्रोब (स्कोपची मोजायची वायर) तिला लावा आणि व्होल्ट्स पर डिव्हिजनचा नॉब एकेक घर फिरवत जा, दर घराला उंची त्या हिशोबात बदलली पाहिजे. एखाद्या घरावर ट्रेस उडाला किंवा नॉब दाबला की परत आला तर कॉन्टॅक्ट घाण झालेत, ते क्लीनरने सुटतं. पण एका घरावर उंचीच चुकीची येत असेल तर अॅटेन्युएटर (आत सिग्नल लहान करणारा भाग) गेलाय, तिथून सरळ उठा. हे दोन्ही चॅनलला करा, विकणारा बहुतेक वेळा एकच दाखवतो. मग टाईमबेसची (वेळेच्या नॉबची) सगळी घरं, आणि ट्रिगर लेव्हल (कुठल्या व्होल्टेजला वेव्ह पकडायची ते) फिरवून वेव्ह जागेवर थांबते का ते. ट्रिगर थांबत नसेल तर बाकी कितीही चांगलं असू दे, रोज डोक्याला ताप. अॅनालॉगमध्ये ब्राइटनेस कमी करून पडद्यावर जळल्याची आडवी रेघ आहे का ते पण बघा.

तरंगवेडा
बापरे, एवढं सविस्तर, दोघांचे मनापासून आभार. रिगोलच बघतो मग. अजून एक, मेनवर चालणारा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) बिघडलाय तो यावर बघता येईल का? एकाने सांगितलं स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक, मग काही होत नाही.

फॉस्फरप्रेमी
अजिबात काढू नका!! प्रोबची ग्राउंड क्लिप आतून सरळ अर्थला जोडलेली असते, म्हणून ती एसएमपीएसच्या प्रायमरीला (मेनकडच्या बाजूला) लावली की धाडकन शॉर्ट. आणि अर्थ पिन काढली तर शॉर्ट होणार नाही पण स्कोपची बॉडी, बीएनसी (प्रोब लावायचे सॉकेट), सगळं मेनच्या व्होल्टेजवर जाईल आणि तुमचा हात नॉबवर असेल. डिफरेन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घ्या, किंवा सध्या प्रायमरीच्या वाटेला जाऊ नका. सेकंडरी (आउटपुटची) बाजू आणि तुमचे बक बॅटरीवर किंवा आयसोलेटेड अॅडॅप्टरवर बिनधास्त बघा.

नऊबिट
आणि प्रोबचे पैसे बजेटमध्ये धरा, जुन्या स्कोपबरोबर येणारे प्रोब बरेचदा तुटके असतात. प्रोब नेहमी 10एक्स वर (सिग्नल दहापट लहान करून देणारी सेटिंग) ठेवा. 1एक्स वर त्याची बँडविड्थ 6 ते 10 मेगाहर्ट्झवर येते आणि शिवाय सर्किटवर 100 पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्सचं ओझं पडतं, 10एक्स वर ते 10-15 असतं. आयटूसीला हा फरक जाणवतो. नवीन प्रोब लावला की त्याच 1 किलोहर्ट्झवर प्रोबचा छोटा स्क्रू फिरवून वेव्हचे कोपरे सपाट करून घ्या, कोपरा वर टोकदार किंवा गोल राहिला तर पुढची सगळी मापं चुकतील.

स्कोप आला की सेन्सरसाठी असं करा. चॅनल 1 एसडीएला (आयटूसीची डेटाची तार), 2 एससीएलला (क्लॉकची तार), ट्रिगर पल्स विड्थवर, एसडीए 1 मिलिसेकंदापेक्षा जास्त खाली राहिली तर पकड असं सेट करा. 100 किलोहर्ट्झवर अॅकसकट (मिळाल्याची पोच देणारा बिट) अख्खा बाइट 90 मायक्रोसेकंदात संपतो, त्यामुळे 1 मिलिसेकंद खाली म्हणजे कुणीतरी लाईन धरून बसलंय. ट्रिगरच्या आधीचा भाग पडद्यावर जास्त ठेवा, कारण भानगड तिथेच असते. आणि वर जाणारी कड बघा, ती तिरकी, गोलसर दिसली तर पुलअप (लाईनला वर ओढून धरणारा रेझिस्टर) कमजोर आहे. बाहेरून रेझिस्टर लावलेत का? नुसत्या अर्डुइनोच्या आतल्या पुलअपवर असाल तर ते 20 ते 50 किलोओहमचे असतात, 100 पिकोफॅरडच्या लाईनला वर चढायला 2-4 मायक्रोसेकंद लागतात आणि 100 किलोहर्ट्झला परवानगी 1 ची आहे. स्कोप येईपर्यंत 4.7 किलोओहमचे दोन लावून बघा.

तरंगवेडा
बाहेरून काहीच लावलेले नाहीत! आज रात्रीच लावतो आणि सांगतो.