उपक्रम सप्ताह आणि मागे पडणारा अभ्यासक्रम

उपक्रम सप्ताहामुळे, म्हणजे नेहमीचे तास बाजूला ठेवून सहली आणि प्रत्यक्ष अनुभवातून शिकण्याच्या शाळेच्या आठवड्यामुळे, आठवी-नववीचा अभ्यासक्रम मागे पडतो, ही काळजी मी समजू शकते. मात्र ती रास्त की अनाठायी, हे त्या आठवड्याच्या आखणीवर अवलंबून असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे, असे सुचवले आहे.

पुण्याच्या शाळांना तर नारायणगावजवळ, खोडदला, अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकडीसारख्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण पाहता येते. तरंगलांबीचा धडा आधी वर्गात नीट झालेला असेल, तर या तबकड्या भरीव पत्र्याऐवजी तारेच्या जाळीच्या का, हा प्रश्न मुलांना तिथे पडतो आणि जाळीच्या छिद्रांपेक्षा या लहरींची तरंगलांबी कितीतरी मोठी असते, हे उत्तर ती स्वतः शोधू शकतात. यालाच मी शिक्षण म्हणते. वॉटर पार्कच्या सहलीला उपक्रम म्हणणे मला मुळीच पटत नाही.

अशा सहलींच्या खर्चाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. पैशांअभावी एकही मूल मागे राहू नये, यासाठी पुण्यातलेच बेसॉल्ट खडकात कोरलेले पाताळेश्वर लेणे किंवा वेताळ टेकडी अशा जवळच्या जागा शाळांनी आधी निवडाव्यात.