नैराश्यावर गोळी चालू असताना योगाभ्यास कसा बसवावा?

समस्थिती
मी योग शिकवतो/शिकवते. एका नवीन साधकासाठी अभ्यास ठरवायचा आहे. वय पस्तिशीच्या आसपास, नैराश्याचं निदान झालेलं, पीएचक्यू-९ वर (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) २७ पैकी १३ गुण. एस्सिटालोप्राम १० मि.ग्रॅ. सुरू होऊन तीन आठवडे झालेत. दुसरा आजार नाही, रक्तदाब ठीक. डॉक्टरांची योगाला हरकत नाही, पण काय करायचं हे त्यांनी सांगितलेलं नाही.

अडचणी अशा : सकाळी अंथरुणातून उठवत नाही, शवासनात डोळे मिटले की त्याच त्या विचारांचा भुंगा सुरू होतो, आणि पाऊण तासाचा क्रम दिला की दोन दिवस होतो, तिसऱ्या दिवशी बंद. घरच्यांचा आग्रह कपालभाती आणि भस्त्रिकेचा आहे, "सुस्ती जाईल" म्हणून. योग जमला की गोळी कमी करता येईल का, असंही ते विचारतायत. जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं : काय द्यावं, किती वेळ, काय टाळावं.

दीर्घश्वास
आधी वेळेचं बघा. नैराश्यात बऱ्याच जणांना सकाळ सर्वांत जड जाते आणि दिवस कलेल तसं थोडं हलकं वाटू लागतं. अशा माणसाला साडेपाचच्या वर्गाला बोलावणं म्हणजे त्याच्या हातात आणखी एक अपयश देणं. सकाळी अकरा किंवा संध्याकाळी पाच ठेवा. रात्री झोप लागत नसेल तर झोपेआधीचे दोन तास उभी आसनं नकोत.

पहिले दोन आठवडे २० मिनिटांच्या वर जाऊ नका, आणि सुरुवात उभ्याने करा. आडवं करून "शरीर सैल सोडा" म्हणायची आपल्याला सवय असते; इथे ती उलटते, कारण हा माणूस दिवसभर आडवाच असतो.

ताडासनात श्वास घेत हात वर, सोडत खाली, ६ वेळा. डोळे उघडे, नजर समोर. मग कटिचक्रासन (उभ्याने कमरेतून वळणं) दोन्ही बाजूंना पाच-पाच, वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार (पाय फाकवून, एक गुडघा वाकवून, हात दोन्ही बाजूंना) प्रत्येक बाजूला तीन-चार श्वास. त्यानंतर सूर्यनमस्काराच्या जागी खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून पुढे वाकणं आणि सावकाश वर येणं, ३ आवर्तनं. एवढ्यात आठ-नऊ मिनिटं जातात. मग आधाराचं सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचललेली) : कंबरेखालच्या सपाट हाडाखाली लाकडी ठोकळा किंवा घट्ट घडी केलेलं ब्लँकेट, २ मिनिटं. ते काढून पाय भिंतीला लावून ३ मिनिटं. शेवटी खुर्चीवर बसून श्वास.

श्वास ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, नाकाने, कुंभक (श्वास रोखणं) नाही. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. हे जड वाटलं तर ३ आणि ४ वर या. चार मिनिटं पुरे, वर भ्रामरीची (श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव) ५ आवर्तनं. भ्रामरी मी मुद्दाम शेवटी ठेवतो : स्वतःचा आवाज कानात घुमत असताना विचारांना फारशी जागा उरत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे "खोल श्वास घ्या" ही सूचना. लोक छाती फुगवून हवा ओढतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. आधीच चिंता असलेला माणूस घाबरतो आणि पुन्हा येत नाही. "कमी हवा, लांब उच्छ्वास" असं सांगा.

शवासनाचा हट्ट सोडा. कुशीवर २ मिनिटं, डोळे अर्धवट उघडे, आणि तुम्ही बोलत राहा : टाच कुठे टेकली आहे, गुडघा कुठे, खांदा कुठे. मौन ध्यान पहिल्या महिन्यात देऊच नये असं माझं मत आहे. मोकळं सोडलेलं मन नैराश्यात शांत होत नाही, जुन्याच खाचेत जाऊन बसतं.

मनोवैद्य
वरच्या क्रमाशी सहमत. औषधाच्या बाजूने थोडी भर.

तीन आठवडे ही फसवी वेळ आहे. या गटातल्या गोळ्यांचा फायदा साधारण दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो आणि पुरता कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे योग सुरू केल्याच्या पहिल्या पंधरवड्यात बरं वाटणारच आहे, श्रेय योगाला जाणार आहे आणि गोळी बंद होणार आहे. हे आधीच सांगून ठेवा. अचानक सोडल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपेचा विचका, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो. पूर्ण बरं वाटल्यानंतरही गोळी किमान सहा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. तो निर्णय डॉक्टरांचा. योगशिक्षकाने "बघू" असंही म्हणू नये.

कपालभाती-भस्त्रिका सध्या नको. गोळीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत काहींना अस्वस्थता आणि धडधड होते, त्यात जलद श्वसनाची भर नको. पण मोठं कारण वेगळं आहे. नैराश्य म्हणून समोर आलेला प्रत्येक जण फक्त नैराश्याचाच असतो असं नाही, काही बायपोलर (नैराश्य आणि अतिउत्साह यांचे काळ येत राहणारा आजार) निघतात. पूर्वी कधी झोप कमी होऊनही उत्साह उतू जाणं, भरमसाट बोलणं, उधळपट्टी असं झालं होतं का, घरात कोणाला तसा आजार आहे का, हे विचारा. उत्तर 'हो' असेल तर जलद श्वसन पूर्ण वर्ज्य, आणि ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोचवायला सांगा. अभ्यास चालू असताना तशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी कळवा. "योग लागू पडला" म्हणून आनंद मानू नका.

दुसऱ्या साधकांसाठी : ट्रॅझोडोन, मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची इतर औषधं घेणाऱ्यांना उठताना रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. वाकलेल्या स्थितीतून वर यायला तीन श्वास घ्या, आडव्यावरून आधी कुशीवर, मग बसतं. लिथियमवाल्यांना (हे मुख्यतः बायपोलरवरचं औषध) घाम गाळणारे, तापवलेल्या खोलीतले वर्ग नकोत. शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियमची रक्तातली पातळी चढते.

पीएचक्यू-९ दर दोन आठवड्यांनी भरून घ्या. बेरीज पाहण्याआधी नववा प्रश्न पाहा. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर आसनं बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर आणि घरच्यांपैकी कोणीतरी सोबत. मूड सुधारण्याआधी अंगात शक्ती परत येऊ शकते आणि असे विचार कृतीत उतरण्याचा धोका वाढतो, म्हणून हे मधले आठवडे जास्त जपण्याचे.

शंकासुर
घरचे "योगाने गोळी सुटते" म्हणतात त्यामागे बहुधा निम्हान्सचा (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास फिरत असतो. तो नीट वाचावा. रुग्णालयात दाखल ४५ रुग्ण, पंधरा-पंधराचे तीन गट, चार आठवडे. पूर्ण उतार पडण्याचं प्रमाण विद्युत उपचारात (भूल देऊन मेंदूला विजेचे झटके, ईसीटी) ९३ टक्के, इमिप्रामिन या नैराश्यावरच्या गोळीत ७३, सुदर्शन क्रियेत (लयबद्ध श्वसनाची पद्धत) ६७. आकडे उत्साहवर्धक आहेत, पण गट लहान, काहीच उपचार न केलेला गट नाही, आणि आपल्याला काय दिलं जातंय हे रुग्णाला लपवता येत नाही. शिवाय हे सगळं दाखल रुग्णांवर, देखरेखीखाली झालं.

२०२४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २१८ चाचण्या आणि १४,१७० लोकांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात चालणं-जॉगिंग, योग आणि वजनांचा व्यायाम हे तिन्ही उपयोगी दिसले, पुराव्याचा दर्जा मात्र कमीच. कॅनडातल्या तज्ज्ञांच्या कॅनमॅट या नैराश्य-उपचार मार्गदर्शिकेने २०१६ मध्ये योगाला सौम्य ते मध्यम नैराश्यात दुसऱ्या फळीचा पूरक उपचार म्हटलं. पूरक हा शब्द घरच्यांना वाचून दाखवा. आणि साधकाला चटईपेक्षा चालणं आवडत असेल तर तेही चालेल, भांडू नका.

समस्थिती
सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. आठवड्यातून किती दिवस? आणि खंड पडला तर काय करायचं?

दीर्घश्वास
बोस्टनच्या २०१७ च्या अभ्यासात १२ आठवडे, एका गटाला आठवड्याला दोन, दुसऱ्याला तीन योगवर्ग (९० मिनिटांचे) आणि वर घरचा सराव होता. तीस जणांचा छोटा अभ्यास, पण दोन्ही गटांत नैराश्य उतरलं. तेव्हा दोन वर्ग तुमच्यासमोर आणि इतर दिवशी घरी १० मिनिटं एवढ्यावर सुरू करा. २० वरून ३० मिनिटांवर तिसऱ्या आठवड्यात जा, तेही आधीच्या आठवड्यात चार दिवस झाले असतील तरच.

खंडासाठी आजच एक 'किमान क्रम' ठरवून लिहून द्या : पलंगाच्या कडेला बसून पाय जमिनीवर, हात वर-खाली ६ वेळा, ४-६ चे दहा श्वास. तीन मिनिटं होत नाहीत. वाईट दिवशी एवढंच, आणि वहीत त्यावरही पूर्ण खूण. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायला सांगू नका. दुप्पट अभ्यासाच्या धास्तीनेच तिसरा दिवस बुडतो. तुमचा "का आला नाहीत?" हा मेसेजही नको. "गुरुवारी पाचला चटई टाकून ठेवतो/ठेवते" एवढं पुरतं.

आणि हात लावून आसन दुरुस्त करणार असाल तर दर वेळी आधी विचारा. पूर्वी मारहाण किंवा अत्याचार झालेला असेल तर जुनी भीती जागी व्हायला पाठीमागून आलेला हात पुरेसा असतो, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं.