कोर्समध्ये एआय स्टडी कंपॅनियन आल्यापासून फोरम ओस पडलाय, बंद करू का?

आकडेवाली:
नमस्कार मंडळी. मी स्टॅटिस्टिक्सचा बेसिक कोर्स ऑनलाइन घेते, सगळं मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) आहे, व्हिडिओ, क्विझ, असाइनमेंट आणि शंकांसाठी फोरम. या टर्मला संस्थेने त्यातच एक एआय स्टडी कंपॅनियन जोडून दिलाय, बाजूला चॅट उघडते, काहीही विचारा, न कंटाळता समजावतो.

तेव्हापासून फोरम जवळजवळ बंदच पडलाय. आधी कोणीतरी विचारायचं की स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर यात माझा गोंधळ होतोय, दुसरा अर्धवट उत्तर द्यायचा, तिसरा म्हणायचा अरे नाही असं नाहीये, आणि मी बघायला येईपर्यंत तिघांचंही बऱ्यापैकी सुटलेलं असायचं. आता तोच प्रश्न प्रत्येकजण एकटा कंपॅनियनला विचारतो आणि एकमेकांना पत्ताच नसतो. असाइनमेंट एकदम सुंदर येतात, पण क्विझच्या वेळी कंपॅनियन बंद असतो तिथे तीच मुलं अडकतात, आणि विचारलं तर म्हणतात की मॅडम चॅटमध्ये तर समजलं होतं.

पूर्ण बंद करायला मन होत नाही कारण जी मुलं फोरमवर कधी एक ओळ लिहायची नाहीत ती आता निदान त्याला तरी विचारतात. कोणी यातून मार्ग काढलाय का?

पुरावा_दाखवा:
ताई, तुम्ही जे बघताय त्याच्यावर अभ्यास झालेला आहे. तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळपास १००० मुलांवर गणिताच्या तासाला प्रयोग केला होता, २०२४ मध्ये पेपर आला. एका गटाला साधा चॅटबॉट दिला, एका गटाला असा दिला की जो थेट उत्तर न देता फक्त हिंट देतो, तिसऱ्याला नेहमीसारखं वही-पुस्तक. सरावाच्या वेळी साध्या चॅटबॉटवाल्यांचे मार्क वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त, पण नंतर बॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तर तेच १७ टक्क्यांनी मागे. आणि त्या मुलांना स्वतःला आपण मागे पडलोय असं वाटतच नव्हतं, तुमच्या मुलांचं "चॅटमध्ये समजलं होतं" हे तेच आहे.

हिंटवाल्या गटाचं नुकसान बरंचसं टळलं, पण परीक्षेत ते वही-पुस्तकवाल्यांच्या पुढेही गेले नाहीत, हे लोक सांगायचं विसरतात. म्हणजे नुसतं "उत्तर देऊ नकोस, हिंट दे" एवढं सेटिंग बदलून काम होईल असं समजू नका.

मुळात स्वच्छ लिहिलेलं स्पष्टीकरण वाचलं की डोक्याला वाटतं झालं आपलं. २००६ चा एक प्रयोग आहे, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या टेस्टला पुढे होते, पण आठवड्याने घेतल्यावर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. कंपॅनियन त्या पहिल्या पाच मिनिटांची खात्री देतो.

उशिरा_अभ्यास:
विद्यार्थी म्हणून बोलते, प्लीज बंद करू नका. मी नोकरी सांभाळून कोर्स करते, अभ्यासाला बसते तेव्हा सगळे झोपलेले असतात, फोरमवर प्रश्न टाकला की उत्तर दुसऱ्या दिवशी येतं आणि तोपर्यंत माझी लिंक तुटलेली असते. दुसरं म्हणजे फोरमवर नाव दिसतं, सगळ्यांसमोर "सरासरी आणि मीडियन यातलं कधी काय वापरायचं" असं विचारायला जीव होत नाही हो, वाटतं बाकी सगळ्यांना येत असेल आणि मीच मागे आहे. कंपॅनियनला मी एकच गोष्ट कितीही वेळा विचारू शकते.

पण पुरावा_दाखवा म्हणतात तेही पटलं, मला स्वतःला उत्तर मांडता येतं की नाही हे तो कधी तपासतच नाही. मी "हो कळलं" लिहिलं की तो खूश आणि पुढचा मुद्दा.

कोडकरी:
ताई, बंद करण्याआधी त्याची भूमिका बदलून बघा असं कळकळीने सांगेन. आपण सगळे स्टडी कंपॅनियन म्हणतो आणि बसवतो शिक्षक, ज्याला सगळं येतं. शेजारी बसून अभ्यास करणारा सोबती असा नसतो, तो अडतो आणि आपल्याला विचारतो आणि त्याला सांगता सांगता आपलं पक्कं होतं. ही कल्पना जुनी आहे, व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत बेटीज ब्रेन नावाची सिस्टीम केली होती, त्यात बेटी नावाच्या पात्राला मुलांनीच शिकवायचं, नदीतल्या जीवसृष्टीत कशामुळे काय वाढतं-घटतं याचा नकाशा काढून द्यायचा आणि मग बेटी त्या नकाशावरूनच क्विझ देणार. नकाशा चुकला की बेटी चुकणार. पुढे २००९ च्या एका अभ्यासात असं दिसलं की आपण दुसऱ्याला शिकवतोय असं समजणारी मुलं स्वतःसाठी शिकणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला देतात.

तुमच्याकडे प्रॉम्प्ट, म्हणजे कंपॅनियनला आधीच लिहून दिलेल्या सूचना, बदलायची परवानगी असेल तर असं करा. तुमच्या मुलांच्या नेहमीच्या चुका तुम्हाला पाठ असतील, त्याच त्याला द्या. उदा. तो म्हणेल "नमुना मोठा घेतला की स्टँडर्ड डेव्हिएशन पण कमी होत जातं ना?" आता मुलाला सांगावं लागेल की बाबा कमी होतो तो स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुन्यावरून काढलेली सरासरी साधारण किती चुकू शकते ते, कारण तिथे डेव्हिएशनला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतो, डेव्हिएशन म्हणजे डेटाचा मूळ पसारा, तो नमुना वाढवला म्हणून आटत नाही. हे स्वतःच्या शब्दात टाइप करता आलं तर समजलंय.

दोन गोष्टी सांभाळा. चुका तुम्ही लिहून दिलेल्याच असू द्या, त्याला मनाने चुकायला सांगितलं तर काहीही बोलतो, आणि चार-पाच मेसेज झाले की भूमिका विसरून परत शिकवायला लागतो म्हणून दर वेळी आठवण करून देणारी सूचना लागते. आणि ज्या मुलाने अजून व्हिडिओच बघितला नाहीये त्याच्यासमोर चुकीचं वाक्य ठेवू नका, तो ते खरं समजेल. मूडलमध्ये ॲक्टिव्हिटीला अट लावता येते, आधीची छोटी क्विझ पास झाल्यावरच हा सोबती उघडेल असं ठेवा.

आकडेवाली:
हे करता येण्यासारखं आहे, चुकांची यादी तर माझ्याकडे तयारच आहे. उशिरा_अभ्यास, तुमच्यासाठी आत्ताचा समजावणारा पण राहील, तो काढत नाही. पण फोरमचं काय? मला मुलांनी एकमेकांशीही बोलायला हवंय. २००२ मध्ये मूडल आलं तेच मुळी लोक मिळून ज्ञान उभं करतात या विचारावर, आणि आम्ही त्यातला तोच भाग मारून टाकतोय असं वाटतं.

उशिरा_अभ्यास:
मॅडम, सोबत्याला दिलेलं स्पष्टीकरण तिथूनच फोरमवर टाकता येईल असं करा ना, नाव न दाखवता. प्रश्न विचारायला लाज वाटते पण उत्तर आधीच लिहून झालेलं असेल तर मी नक्की टाकेन, आणि बाकीच्यांनी तेच कसं समजावलं ते वाचायलाही मला आवडेल.

कोडकरी:
निनावी पोस्ट तुमच्या मूडलवर आहे का ते ॲडमिनला विचारा, नसेल तर तुम्हीच दर आठवड्याला दोन-तीन स्पष्टीकरणं, त्या मुलांना विचारून, नाव काढून टाका आणि त्यातलं एखादं थोडं चुकलेलं मुद्दाम असू द्या. आणि तुम्ही स्वतः लगेच उत्तर देऊ नका, एक-दोन दिवस मुलांना भांडू द्या त्याच्यावर.