गोव्यात राहून हश्गाखा प्रातीत ओळखायची आणि आभाराची सवय लावायची तर नेमकं काय करावं?

माशेलकाठ विचारते:

शालोम मंडळी. आपल्या ज्यू शिकवणीत देवाचं लक्ष प्रत्येक माणसाच्या बारीकसारीक गोष्टींवर असतं, यालाच हश्गाखा प्रातीत म्हणतात, इथवर समजतं. अडतं ते पुढे. सकाळी उठताच म्हणायच्या मोदे अनीपासून रात्री निजताना म्हणायच्या शेमापर्यंत सगळ्या प्रार्थना तोंडपाठ असल्या की जीभ चालत राहते आणि मन भलतीकडेच असतं. हे थांबवायला रोज नेमकं काय करावं? दुसरं म्हणजे, सिद्दूरच्या (प्रार्थनेच्या पुस्तकाच्या) मागे बेराखोतची, म्हणजे देवाचे आभार मानणाऱ्या छोट्या प्रार्थनांची, जी यादी असते ती सफरचंद-द्राक्षांची. केळी, फणस, शहाळं, उकडा भात यांचं काय? आणि मोठ्या संकटातून सुटल्यावर हागोमेल ही आभाराची बेराखा म्हणायची, पण तिला लागणारी दहा माणसं इथे जमत नाहीत. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

डिचोलीघाट:

ताई, सगळ्या बेराखोत एकदम मन लावून म्हणायला गेलात तर चौथ्या दिवशी सगळंच सुटेल. आठवड्याला एकच बेराखा निवडा. बाकीच्या नेहमीच्या वेगाने म्हणा, ही मात्र अर्ध्या वेगाने. रविवारी सुरू करून शब्बाथला (शनिवारी) संपवा, मग पुढची घ्या.

पहिला आठवडा मोदे अनीला द्या. त्यात फक्त १२ शब्द आहेत आणि देवाचं नाव नाही, म्हणून हात धुण्याआधी, अंथरुणात बसल्या बसल्या म्हणता येतो. बायकांनी ‘मोदा अनी’ म्हणायचं. मराठीत आपण ‘मी आभारी आहे’ म्हणतो, ‘मी’ पहिला. इथे आभार पहिला आणि ‘मी’ नंतर. ‘बेखेमला’ या शब्दापाशी थोडं थांबायचं आणि ‘राबा एमुनातेखा’ एका दमात म्हणायचं. थांबला नाहीत तर ‘राबा’ मागच्या शब्दाला चिकटतो आणि अर्थ बदलतो. तिथे सांगायचं आहे ते असं की तुझा विश्वासूपणा थोर आहे. रात्री ठेव म्हणून दिलेला जीव त्याने सकाळी परत केला.

मग तांब्याने हात धुणं: उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. प्रत्येकावर तीन वेळा, पण आळीपाळीने. घाईत एकाच हातावर तीनदा ओतून मोकळं होणं ही नेहमीची चूक.

दुसरा आठवडा अशेर यात्सारला. माझ्या मते हश्गाखा शिकायला याच्याइतकी चांगली शाळा नाही. शौचालयातून आल्यावर हात धुऊन म्हणायची ही बेराखा. देवाने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या केल्या, त्यांतलं एक जरी भलतंच उघडलं किंवा एक जरी बंद पडलं तरी त्याच्यासमोर उभं राहणं अशक्य. मुतखड्याने तळमळणारा माणूस ज्याने पाहिलाय त्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. बिघडतं कुठे? ओल्या हातांनी मोबाइल शोधत चालता चालता म्हटली जाते तिथे. उपाय असा की मजकुराचं कार्ड बाहेरच्या भिंतीवर, टॉवेलच्या खिळ्याशेजारी लावा. आत नको, तिथे पवित्र मजकूर ठेवत नाहीत. हात कोरडे होईपर्यंत कार्डापुढून हलायचं नाही आणि ‘उघडलं’ व ‘बंद पडलं’ या दोन शब्दांवर एकेक श्वास थांबायचं.

तिसरा आठवडा मोदीमचा, म्हणजे दिवसातून तीनदा उभं राहून म्हणायच्या अमीदा या मुख्य प्रार्थनेतल्या आभाराच्या बेराखेचा. एरवीच्या दिवशी १९ बेराखोत असतात, मोदीम त्यातली अठरावी. तिथपर्यंत मन थकलेलं असतं. म्हणून अमीदासाठी तीन पावलं पुढे टाकण्याआधीच, मागच्या प्रार्थनेपासून घडलेली एकच गोष्ट ठरवून ठेवा आणि ‘रोज आमच्यासोबत असणारे तुझे चमत्कार’ हे शब्द आले की ती मनात आणा. दिवसाच्या तीन प्रार्थनांना तीन वेगळ्या गोष्टी, आणि आठवडाभरात एकही पुन्हा नाही. बुधवारपासून शोधावं लागतं. खरी सवय लागते ती त्या शोधण्यातूनच.

सिनेगॉगमध्ये हझान (प्रार्थना चालवणारा) अमीदा पुन्हा म्हणतो तेव्हा बाकी बेराखोतना आमेन पुरतं, पण मोदीमला प्रत्येकजण स्वतःच्या तोंडाने वेगळं मोदीम म्हणतो. मागणं दुसऱ्याकरवी पोचवता येतं, आभाराला वकील चालत नाही.

---

केळीचं_पिल्लू:

खाण्याचं सांगते. कोणती बेराखा हे ठरवायला वस्तू नीट पाहावी लागते. ती कुठून आली, कशी वाढली, तिचं काय केलं. एवढं पाहिलं की अर्धे आभार तिथेच मानून होतात.

केळ्यावर हा-अदामा, म्हणजे जमिनीच्या फळाची. नवखी माणसं झाडाची म्हणतात. पण घड उतरवल्यावर आपण केळ कापून टाकतो आणि बुंध्याशी आलेलं पिल्लू वाढवतो. जुन्या खोडावर पुन्हा फळ येत नाही, म्हणून ते शास्त्राच्या हिशोबाने झाड नाही. अननसही हा-अदामा. पपईबद्दल मतं दोन आहेत, पण बहुतेकांची रीत हा-अदामाचीच. आंबा, फणस, चिकू, जांभूळ, नारळाचं खोबरं, काजूगर आणि काजूचं बोंड यांवर हा-एत्स, म्हणजे झाडाच्या फळाची. शहाळ्याचं पाणी, कोकम सरबत, चहा, मासे, अंडी यांवर बाकी सगळ्यासाठीची शेहाकोल.

भाताचं वेगळं. शिजवलेल्या भातावर, मग उकडा असो वा सुरय, खाण्याआधी मेझोनोत (धान्याच्या पदार्थांची) आणि खाऊन झाल्यावर बोरे नेफाशोत (नंतरची छोटी). गव्हाच्या पदार्थानंतरची मोठी बेराखा भाताला नाही. तांदळाच्या भाकरीलाही तेच, ती दिसायला भाकरी असली तरी हामोत्सी (पावाची बेराखा) नाही. गव्हाच्या पावाला हात धुणं, हामोत्सी आणि नंतर बिर्कात हामाझोन, ही जेवणानंतरची मोठी प्रार्थना. पोदेराकडून (पाववाल्याकडून) पोई किंवा पाव घेताना पिठात आणि साच्याला कोणती चरबी लावतो तेवढं विचारून घ्या.

मासळीत बांगडा, तारले, इसवण चालतात, पर आणि खवले दोन्ही असतात. सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या, मोरी नाही, तेव्हा त्यांच्या बेराखेचा प्रश्नच नाही.

चूक झाली तर? आंब्यावर चुकून हा-अदामा म्हटली तर चालून जाते, झाडही जमिनीतूनच उगवतं. काकडीवर हा-एत्स म्हटली तर चालत नाही. शेहाकोल कशावरही म्हटली गेली तरी भागतं, पण म्हणून मुद्दाम सगळ्यावर तीच म्हणू नये. ‘सगळं त्याच्या शब्दाने झालं’ हे खरंच, पण समोर मानकुराद असताना एवढं मोघम बोलणं म्हणजे ताटाकडे न बघता जेवणं. देवाचं नाव उगाच घेतलं गेलं असं लक्षात आलं तर लगेच ‘बारूख शेम केवोद मालखुतो लेओलाम वाएद’ म्हणावं.

नंतरच्या बेराखेसाठी माप आहे. खाण्याचं एक केझायित, साधारण २७ ते ३० मिलिलिटर आकारमानाचं, तीन-चार मिनिटांच्या आत खाल्लेलं. पेयाचं रेविइत, ८६ मिलिलिटर, सलग प्यालेलं. कढत चहा घोट घोट पिणाऱ्यांचं माप बहुधा भरत नाही, म्हणून चहानंतर बरेच जण काही म्हणत नाहीत. ज्यांना म्हणायची आहे ते शेवटचा भाग थोडा निवू देतात आणि एकदम पितात.

हंगामाच्या पहिल्या फळावर शेहेखेयानू. वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्यालाच, आंबा, फणस, जांभूळ, करवंद यांना. केळ्याला नाही, ते बारमाही. पहिला आंबा बाजारात उभ्या उभ्या चाखू नका. घरी आणून, चिरून, सगळ्यांनी एकत्र म्हणून खा.

आणि दिवसाला १०० बेराखोत म्हणायची रीत आहे, तिचा हिशोब: एरवीच्या दिवशी तीन अमीदांच्या ५७, शेमाच्या आजूबाजूच्या सकाळ-संध्याकाळ मिळून ७, सकाळच्या वीसेक, आणि पावाच्या प्रत्येक जेवणाच्या ६. शंभर सहज होतात. शब्बाथला मात्र चार अमीदा प्रत्येकी ७, म्हणजे २८च. २९ची तूट पडते. ती फळांनी आणि सुवासांनी भरतात. शुक्रवारी सूर्यास्ताआधी मोगरा किंवा सबजा खुडून पाण्यात ठेवा. मोगऱ्यावर ‘आत्से बेसामिम’, सबजावर ‘इस्वे बेसामिम’. आबोलीवर काहीच नाही, तिला वास नसतो.

---

अलिबाग_ते_काणकोण:

हागोमेलबद्दल. ही बेराखा चौघांना लागते: समुद्र पार करून आलेला, वाळवंट पार करून आलेला, मोठ्या आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. १०७ वं स्तोत्र वाचा, चौघेही तिथे भेटतील. दहा पुरुष लागतात, सहसा तोरा (धर्मग्रंथ) वाचनाच्या वेळी म्हणतात. तीन दिवसांत म्हणणं उत्तम, पण उशीर झाला म्हणून सोडून द्यायची नसते. महिनाभरात मुंबई-ठाण्याला जाणं होणार असेल तर तिथल्या सिनेगॉगमध्ये आधी कळवून ठेवा. उत्तर गोव्यात हंगामात इस्रायली प्रवासी असतात, तेव्हा इथेही दहा जमू शकतात. सर्दी-पडशातून उठल्यावर ही म्हणत नाहीत, अंथरुणाला खिळवणारं दुखणं हवं. विमानप्रवासाबद्दल रब्बींची मतं वेगवेगळी आहेत, ज्यांना विचारता त्यांच्या म्हणण्याप्रमाणे करा.

गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं (मध्ये काही वर्षं बंद). ज्यू वंशाच्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचं शरीर मेल्यावर उकरून १५८० साली जाळलं, त्याची बहीण १५६९ सालीच जिवंत जाळली गेली. इथे सिनेगॉगची परंपरा का रुजली नाही, ते एवढ्यावरून कळावं. त्या भूमीवर आज दार उघडं ठेवून शब्बाथची बत्ती लावता येते. मोदीममध्ये मनात आणायला ही एक गोष्ट प्रत्येकाकडे तयार आहे.

मिन्यान (दहा जणांचा जमाव) नसलं तरी आपल्या बेने इस्रायलांकडे (मराठी ज्यूंकडे) मलिदा, हा गोड पोह्यांचा आभारविधी, आहेच. नवस फेडायला, दुखण्यातून उठल्यावर, घर घेतल्यावर एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाने घरी करतात. १० माणसांना पातळ पोहे साधारण पाऊण किलो, एका मोठ्या नारळाचा चव, साखर दीड ते दोन वाट्या, वेलची-जायफळ, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप. पोहे चाळणीत घेऊन पाणी फिरवायचं आणि लगेच निथळायचं. भांड्यात भिजत ठेवले की लगदा होतो. साखर अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. खोबरं त्याच दिवशी खवलेलं, गोव्याच्या हवेत दुपारपर्यंत आंबतं. ताटात मलिद्याचा ढीग, भोवती पाच फळं, त्यात खजूर आणि केळं हवंच, म्हणजे हा-एत्स आणि हा-अदामा दोन्ही म्हणता येतात. सुवासाच्या बेराखेसाठी सबजा किंवा गुलाब.

ज्याच्यासाठी मलिदा आहे त्याने बेराखोतच्या आधी कशाबद्दल आभार मानतोय ते मराठीत, मोठ्याने, दोन वाक्यांत सांगावं. बऱ्याचदा हेच राहून जातं. पाहुणे जेवून जातात आणि कारण कुणालाच कळत नाही.

मुंबईतलं शाआर हारहमिम हे १७९६ सालचं सिनेगॉगही असंच आभारातून उभं राहिलं. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी ते बांधलं, अशी समाजातली परंपरा आहे.

---

साळ_नदी:

वरचं सगळं पटलं. एका धोक्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. हश्गाखा ओळखणं म्हणजे खुणा वाचणं नव्हे. बस चुकली म्हणजे देवाला काहीतरी सांगायचं होतं, हा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हश्गाखेच्या व्याप्तीबद्दल थोरांमध्येच मतभेद आहेत. मध्ययुगीन विद्वान रामबामच्या (मायमोनिदीसच्या) मते माणसांवर देवाची वैयक्तिक नजर असते, पण झाडाचं कुठलं पान गळतं हा निव्वळ योगायोग. हसिदी पंथाचे संस्थापक बाल शेम तोव यांच्या शिकवणीत पान कुठल्या कुशीवर पडतं तेही ठरवलेलं. रामबान (नाखमानिदीस, रामबामहून वेगळे) तिसराच धागा धरतात: मिसरमधले (इजिप्तमधले) मोठे, उघड चमत्कार आठवून माणूस रोजचे लपलेले चमत्कार ओळखायला शिकतो.

तालमुद या रब्बींच्या ग्रंथात त्रासाची अगदी लहान मोजणी आहे. तीन नाणी काढायला खिशात हात घातला आणि दोनच हाती आली, तर तोही त्रासच. पुन्हा हात घालायला लागणं, एवढंच. रोजच्या सरावाला हे माप धरा. चिल्लर एका फटक्यात हाती आली, कदंब बसचा दरवाजा नेमका समोर थांबला, गॅस संपला तो सैपाक उरकल्यावर. रात्री शेमाआधी वहीत तारखेसह अशा तीन ओळी. प्रत्येक ओळीत ती गोष्ट कोणाच्या हातून आली ते लिहा: पोदेर, कंडक्टर, शेजारीण. आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष सांगा. ज्या विहिरीचं पाणी प्यालात तिच्यात दगड टाकू नये, असं तालमुद सांगतं. आपण खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो. मोशेने नाईल नदीवर स्वतः काठी मारली नाही, आहरोनने मारली, कारण त्या पाण्याने तान्ह्या मोशेला सांभाळलं होतं. पाण्याचे उपकार मानायचे तर माणसांचे का नाही?

वाईट घडलं तर बेराखा आहेच. मृत्यूची बातमी कळल्यावर ‘दायान हाएमेत’, खरा न्यायाधीश. तिथे आनंद मानायला कोणी सांगत नाही, फक्त तोंड फिरवायचं नाही. आणि हे सगळं स्वतःपुरतं. दुसऱ्याच्या दुःखाशी बसून ‘हे तुझ्याच पापाचं फळ असेल’ म्हणणं हलाखात (ज्यू धर्मशास्त्रात) मना आहे, शब्दांनी दुखावणं म्हणून. इयोबचे मित्र तेच बोलले होते. तिथे डबा घेऊन जा आणि गप्प बसा.

---

माशेलकाठ:

खूप आभार सगळ्यांचे. या रविवारपासून मोदा अनी. एकच राहिलं: इथे पाऊस जूनमध्ये येतो, पण अमीदात पाऊस मागायची वेळ डिसेंबरात सुरू होते. मग जूनमध्ये पाऊस लांबला तर? आणि समुद्र रोज दिसतो, त्याची बेराखा?

---

डिचोलीघाट:

पावसाच्या मागणीचा काळ बदलायचा नाही. इस्रायलबाहेर ४ डिसेंबरच्या संध्याकाळी (काही वर्षी ५ला) सुरू होऊन पेसाख सणाला थांबतो, गोव्यातही तोच. जूनमध्ये पाऊस लांबला तर अमीदातल्या ‘शोमेआ तेफिला’ या बेराखेत, शेवटच्या शब्दांआधी, स्वतःच्या शब्दांत मागा. मराठीत चालतं.

पहिली वीज चमकली की ‘ओसे मआसे वेरेशित’, गडगडाट झाला की ‘शेकोखो उग्वुरातो माले ओलाम’. दोन-तीन सेकंदांत म्हणायची, खिडकी बंद करायला धावलात तर वेळ गेली. आभाळ मोकळं होईपर्यंत पुन्हा नाही.

समुद्र ३० दिवस दिसला नसेल तरच, ‘ओसे मआसे वेरेशित’. रोज पाहणाऱ्याला नाही. निसान महिन्यात (मार्च-एप्रिलच्या सुमारास) मोहोरलेली फळझाडं पाहून वर्षातून एकदा म्हणायची बेराखा मात्र चुकवू नका. त्या वेळी आंबा-काजूला बहुधा फळ धरलेलं असतं आणि नुसता मोहोर हवा. जांभूळ त्याच सुमारास फुलतो. माडाला पोय कायमच असते. दोन झाडं एकाच जागी दिसतील अशी जागा आधी हेरून ठेवा.