वेल्डिंगचा रॉड चिकटतो, करंट वाढवला की पाइपला भोक पडते

औसा, शेतकरी
नमस्कार. शेळ्यांच्या शेडचे फाटक आणि वखराची किरकोळ दुरुस्ती घरीच करता यावी, म्हणून 200 अँपिअरचे सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन घेतले आहे. दुकानदाराने 3.15 मिमीचे 6013 रॉड दिले. दीड मिमी जाडीच्या चौकोनी पाइपवर करंट कमी ठेवला तर रॉड चिकटतो आणि वाढवला तर भोक पडते. मशीन घरातून लांब वायर ओढून गोठ्यापाशी चालवतो. शिकण्याची सुरुवात नेमकी कोठून करावी?

निवृत्त शिल्प निदेशक, लातूर
आपला रॉड आणि आपला पाइप यांची जोडीच जमत नाही. 3.15 मिमीच्या रॉडला साधारण 90 ते 130 अँपिअर लागतात आणि तेवढी उष्णता दीड मिमीचा पत्रा सोसत नाही. 6013 हा प्रकार मात्र नवशिक्यासाठी योग्यच आहे, कारण त्याचा आर्क (रॉड आणि धातू यांच्यामधली विजेची ज्योत) सहज पेटतो आणि स्लॅग (जोडावर साचणारी कडक खपली) ही सहज सुटते.

फाटक काही दिवस बाजूला ठेवावे. भंगारातून पाच-सहा मिमी जाडीच्या पट्ट्या आणून, त्यांवरचा गंज आणि रंग ग्राइंडरने काढून, 110 अँपिअरच्या आसपास सरळ रेघा ओढण्याचा सराव करावा. रॉड आगपेटीच्या काडीसारखा घासून पेटवावा आणि लगेच किंचित उचलावा. टोक व पट्टी यांतील अंतर रॉडच्या तारेच्या जाडीएवढेच असावे. रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे हात पुढे सरकतानाच खालीही येत राहिला पाहिजे, आणि बहुतेकांचा आर्क लांबतो तो नेमका येथेच. रॉड उभ्या रेषेपासून 15 अंशांच्या आसपास, ज्या दिशेने जायचे त्या दिशेला कलता धरून ओढत न्यावा. नजर झगमगत्या प्रकाशावर न ठेवता त्याच्या मागे वितळलेल्या धातूच्या कडेवर ठेवावी, कारण वेग किती असावा हे ती कडच सांगते. दुसरी रेघ चढवण्यापूर्वी स्लॅग हातोडीने पूर्ण काढून ब्रश मारावा.

जालना, फॅब्रिकेशन वर्कशॉप
वरील सल्ला मान्य आहे, पण मी सरावही 2.5 मिमीच्या रॉडनेच करायला सांगेन, कारण पुढे फाटकाला तोच लागणार आहे. पातळ पाइपला 60 ते 75 अँपिअर ठेवावेत आणि मशीन डीसी असल्यास होल्डर (रॉड धरणारा चिमटा) ऋण टोकाला जोडावा. चारही कोपऱ्यांना आधी टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून काटकोन तपासावा आणि मग समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने वेल्डचे छोटे तुकडे भरावेत, नाहीतर फाटक वाकडे होते.

रॉड चिकटण्यामागे ती लांब वायरही असू शकते. बारीक वायरीत व्होल्टेज पडतो. किमान 4 चौरस मिमीची तांब्याची वायर वापरावी. अर्थचा क्लॅम्प स्वच्छ धातूवर, जोडाजवळच लावावा. वखर ठीक आहे, पण उसाच्या ट्रॉलीचा ड्रॉबार (ट्रॅक्टरला जोडणारा दांडा) मात्र इतक्यात स्वतः जोडू नये.

वाळूज, वेल्डर
डोळ्यांसमोरच्या वेल्डिंग ढालीची काच 10 किंवा 11 नंबरची हवी. आर्कच्या प्रकाशाने डोळ्यांना इजा झाल्याचे बहुधा काही तासांनी, रात्री कळते. तेव्हा बटाट्याचे काप किंवा दूध असले उपाय न करता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. उन्हाळ्यात हातमोजे घामाने भिजले की बदलावेत, कारण रॉड लावण्यापूर्वी होल्डरवर 60 ते 80 व्होल्ट असू शकतात. उघड्या हातांनी काम करणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ दिसतात. त्यांचे अनुकरण नको. आणि गोठ्याजवळचा कडबा आधी हलवावा.

औसा, शेतकरी
आभारी आहे. 2.5 मिमीचे रॉड आणि जाड वायर आणतो. शेडसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घेतला तर चालेल का?

निवृत्त शिल्प निदेशक, लातूर
जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा दोन-तीन सेंटिमीटर घासून काढावा आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजू करून करावे. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडावर नंतर जस्तयुक्त प्रायमर लावावा, अन्यथा गंज तेथूनच धरेल.